मांडीतील रक्तवाहिन्या आणि दहा गुणांचा प्रश्न

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वरचेवर येतो: फीमोरल धमनीचा उगम, मार्ग, शाखा आणि वैद्यकीय महत्त्व सांगा. गुण १०. हा विषय शिकविण्यात माझे आयुष्य गेले आणि या प्रश्नाची उत्तरे मी इतक्या वेळा तपासली आहेत, की त्यांची ठेवण मला पाठ झाली आहे. उगम नेमका लिहिलेला असतो. मार्ग लिहिलेला असतो. शाखांची यादी क्रमाने येते, सोबत लाल-निळ्या पेन्सिलीने काढलेली आकृतीही असते. 'वैद्यकीय महत्त्व' या शेवटच्या मुद्द्याला मात्र घड्याळाकडे पाहत घाईने खरडलेल्या दोन ओळी मिळतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचा त्यात दोष नाही. त्यांच्या मांड्या अजून त्यांना काही विचारीत नाहीत. वाचकहो, तुमच्या-माझ्या वयाला मात्र उगम आणि मार्ग बाजूला पडतात आणि उत्तराचा तो शेवटचा भागच काय तो आपल्या वाट्याला येतो. म्हणून आज ते उत्तर तुमच्यासाठी शेवटाकडून लिहावे असे मनात आले.

आधी एक छोटीशी कृती करून पाहा. पाठीवर सरळ निजा. कमरेच्या पुढच्या बाजूला जे टोकदार हाड हाताला लागते, तिथपासून ओटीपोटाच्या खाली मध्यभागी असलेल्या हाडांच्या सांध्यापर्यंत एक रेषा मनाने ओढा. त्या रेषेच्या मध्यावर, जांघेच्या घडीत, दोन बोटे जरा दाबून धरा. मनगटाहून कितीतरी जोरकस ठोका तुम्हाला लागेल. तीच फीमोरल धमनी. पोटातून खाली येणारी मोठी धमनी जांघेतला पट्ट्यासारखा बंध ओलांडते आणि त्या क्षणी तिचे नाव बदलते. रस्ता तोच, गावाची वेस ओलांडली की नाव दुसरे. तिची जाडी करंगळीहून थोडी कमी असते. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारे बहुतेक सारे रक्त या एका वाहिनीतून उतरते. ठोक्याच्या बरोबर मागे खुब्याच्या सांध्यातला हाडाचा गोल गोळा असतो. धमनी दाबायची झाली तर ती त्या हाडावर दाबता येते. हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

माझ्या पिढीच्या शालेय पुस्तकांत धमनीला 'रोहिणी' आणि शिरेला 'नीला' असे शब्द होते. मला ते अजूनही आवडतात. आता डॉक्टर, परिचारिका आणि अहवाल 'आर्टरी' आणि 'व्हेन' असेच बोलतात, तेव्हा घरच्यांनी ते दोन शब्द ओळखावेत हे बरे. आर्टरी हृदयाकडून रक्त आणते, व्हेन ते परत नेते. जांघेत या दोघी शेजारीशेजारी असतात आणि विद्यार्थी त्यांचा क्रम 'नेव्हल' या शब्दावरून लक्षात ठेवतात. नेव्हल म्हणजे बेंबी. बाहेरच्या बाजूकडून आत येताना आधी मज्जातंतू, मग धमनी, मग शीर, मग थोडी रिकामी जागा आणि शेवटी लसिकावाहिन्या. त्या रिकाम्या जागेतून म्हातारपणी, विशेषतः स्त्रियांना, हर्निया उतरू शकतो. जांघेत अचानक आलेली दुखरी गाठ, सोबत उलट्या आणि पोट फुगणे, असे काही दिसले तर ती गाठ शेकत बसू नये. थेट शल्यचिकित्सकाकडे जावे.

जांघेखाली जेमतेम तीन-चार सेंटिमीटरवर फीमोरल धमनीला तिची सर्वांत मोठी शाखा फुटते. तिचे नाव प्रोफुंडा फीमोरिस, म्हणजे मांडीतली खोल धमनी. खरे पाहता मांडीचा संसार हीच चालवते. मूळ धमनी मांडीतून पुढे जाते ती बहुतांशी गुडघ्याखालच्या पायासाठी. मांडीला ती वाटसरूसारखी ओलांडते. मांडीच्या मागच्या बाजूला तर स्वतःची अशी मोठी धमनीच नाही. खोल धमनीच्या तीन-चार फांद्या स्नायू भेदून मागे जातात आणि तिकडची तहान भागवतात. तोंडी परीक्षेत हा प्रश्न मी हमखास विचारीत असे, आणि समोरचा विद्यार्थी छताकडे पाहू लागे.

या खोल धमनीच्या आणखी दोन शाखा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला दोन बाजूंनी कंकणासारखा वेढा घालतात. बाहेरून जाणारी ती लॅटरल सर्कमफ्लेक्स आणि आतून मागे वळणारी ती मिडिअल सर्कमफ्लेक्स. नावे अवघड आहेत, पण दुसरे नाव कागदावर लिहून ठेवा. तुमच्या घरातल्या एखाद्या वृद्ध व्यक्तीचे चालणे एखाद्या दिवशी या नावावर अवलंबून राहील.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, ब्याऐंशी वर्षांची असताना एका पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली. पडणे असे की कुणाला आवाजही आला नाही. उठवायला गेले तर उजवा पाय डाव्याहून आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला लवंडले होते. ही दोन लक्षणे एकत्र दिसली की खुबा मोडला असे समजून चालावे. तिला बसवू नये, पाय ओढून सरळ करू नये, चोळू नये. आहे तशी सपाट फळीवर किंवा स्ट्रेचरवर न्यावी. एक सावधगिरीची गोष्टही सांगते. हाड मोडूनही तुकडे जागेवरून हलले नसतील तर माणूस लंगडत का होईना, चार पावले चालतो. त्यामुळे 'चालता येते म्हणजे मोडलेले नाही' हा आपल्या घराघरांतला निष्कर्ष धोक्याचा आहे. पडल्यानंतर जांघेत दुखत असेल तर क्ष-किरण तपासणी हवीच.

आक्काचे मोडलेले हाड मानेशी मोडले होते. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो कमरेच्या खळगीत बसतो. गोळा आणि हाडाचा दांडा यांना जोडणारा तिरका भाग म्हणजे मान. शल्यचिकित्सकांनी चित्र दाखवले आणि सांगितले, की गोळा काढून त्या जागी धातूचा बसवावा लागेल, म्हणजे अर्धा सांधा बदलावा लागेल, आणि शक्यतो उद्याच. माझा भाचा ऊस करणारा शेतकरी. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, या वयात चिरफाड नको वाटते गं. मागच्या साली आमच्या शेजारच्या काकूंचाही खुबाच मोडला होता. त्यांना नुसती सळई घालून हाड जुळवलं. आईचा गोळा का काढायचा? आणि पट्टी बांधणारे आहेत की आमच्याकडे. दोन महिने पडून राहिली तर जुळणार नाही का?"

हे प्रश्न तुमच्याही घरात विचारले जातील, कदाचित याच शब्दांत, आणि त्यांत प्रेमच असते. म्हणून मी त्याला काय सांगितले ते सविस्तर लिहिते.

त्याला म्हटले, हे बघ, कालव्याच्या अगदी टोकाला असलेल्या शेताची गत तुला माहीत आहे. वरच्या शेतांना चार बाजूंनी पाणी मिळते, टोकाच्या शेताला एकाच पाटावर भिस्त ठेवावी लागते. तो पाट फुटला की शेत वाळते, मग बांध कितीही नीट घाल. हाडाचा गोळा हे टोकाचे शेत. मिडिअल सर्कमफ्लेक्स धमनी मागून वळसा घेऊन येते, तिच्या बारीक फांद्या मानेला चिकटून, सांध्याच्या वेष्टनाखालून वर चढतात आणि गोळ्याला रक्त देतात. मान मोडून तुकडे सरकले की त्या फांद्या ताणतात, पिळतात, तुटतात. गोळ्याच्या माथ्याशी एक लहानशी धमनी दुसऱ्या बाजूनेही येते, पण तिचा उपयोग लहानपणी. म्हातारपणी तिच्यावर विसंबता येत नाही. मग गोळा रक्तावाचून मरतो. पट्टी बांधली किंवा सळई घातली तरी मेलेल्या तुकड्याशी हाड जुळणार कसे? जुळले तरी काही महिन्यांनी गोळा ढासळतो आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. शेजारच्या काकूंचे हाड मानेच्या खाली मोडले असणार. तिथे चारी बाजूंनी स्नायू चिकटलेले आहेत, रक्ताची चंगळ आहे. तिथले हाड सळई घालून आधार दिला की जुळते. बोली भाषेत दोन्हींना 'खुबा मोडला' असेच म्हणतात, पण रक्तपुरवठ्याच्या हिशेबाने ते दोन वेगळे आजार आहेत.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "म्हणजे मोडलेल्या हाडापेक्षा तुटलेली नस महत्त्वाची?" परीक्षेत हे वाक्य कुणी लिहिले असते तर मी त्याला वैद्यकीय महत्त्वाचे सगळे गुण दिले असते.

हे ज्ञान काही काल-परवाचे नाही. लंडनचे शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांनी १८२२ साली अस्थिभंगांवरच्या ग्रंथात लिहून ठेवले होते, की सांध्याच्या वेष्टनाच्या आत मोडलेली मान जुळत नाही याचे कारण गोळ्याचे पोषण तुटते हे आहे. पुढे १९५३ मध्ये ऑक्सफर्डला जोसेप ट्रुएटा आणि त्यांचे सहकारी हॅरिसन यांनी गोळ्याच्या रक्तवाहिन्यांचा बारकाईने अभ्यास करून त्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. आज पहिल्या वर्षाचे मूल जे दोन ओळींत लिहून मोकळे होते, त्यामागे इतकी वर्षे आहेत.

पडून राहण्याबद्दलही दोन शब्द. वृद्ध माणसाला खुब्याच्या मोडण्यापेक्षा अंथरूण अधिक लवकर संपवते. छातीत कफ साठतो, पाठीला आणि टाचांना जखमा होतात, पायांच्या शिरांत गुठळ्या होतात, लघवीला संसर्ग होतो, आणि माणूस मनाने खचतो तो वेगळाच. म्हणून प्रकृती तशी सावरता येत असेल तर पहिल्या ४८ तासांत शस्त्रक्रिया उरकावी आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला पलंगाच्या कडेशी बसवावे, उभे करावे, असा आज जगभर प्रघात आहे. उशीर करण्याची काही खरी कारणे असतात, जसे रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, अनियंत्रित साखर, छातीतला संसर्ग. 'मुंबईहून धाकटा येऊ दे, मग ठरवू' हे मात्र खरे कारण नव्हे. धाकट्याला फोन करावा.

त्या दिवसांत आक्काची नात परीक्षेपूर्वीच्या सुटीवर घरी आली होती. ती वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला. आमच्या काळी हे पहिले वर्ष दीड वर्षाचे असे, आता ते वर्षभराच्या आसपास आटोपते आणि मुलांची दमछाक होते. रात्री आजीच्या उशाशी बसून ती फीमोरल धमनीच्या शाखा पाठ करीत असे. आक्का प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. तिला पुटपुटणे सहन होईना. "तोंडातल्या तोंडात म्हणू नकोस, मोठ्यानं म्हण, मलाही ऐकू दे," असे तिने फर्मावले. मग शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्या खोलीत शाखांची उजळणी झाली, पाढे म्हणावेत तशी. वरच्या तीन उथळ शाखा, मग खोल धमनी, मग दोन्ही सर्कमफ्लेक्स. तिथे आक्काने थांबवले आणि विचारले, "यातली माझी कुठली तुटली गं?"

मुलगी गोंधळली. पुस्तकातली धमनी आजीच्या पायात असते हे तिला ठाऊक होते, पण बहुधा त्या क्षणी पहिल्यांदा समजले. मग हळू आवाजात तिने सांगितले, कुठल्या फांद्या, कुठून वळतात, का तुटतात. एकही शब्द पुस्तकी नव्हता. आक्काने शांतपणे ऐकले. म्हणाली, "बरं. म्हणजे उद्या काय करणार ते आता मला कळलं." सकाळी संमतिपत्रावर मुलाने सही केली, तरी तिने ते वाचायला मागितले आणि स्वतःचीही सही खाली केली.

माझी काळजी घेणाऱ्यांना एवढीच विनंती आहे, की वृद्ध माणसाला झोपेचे औषध द्यावे तसे 'काही नाही, छोटंसं ऑपरेशन आहे' असे सांगून गप्प करू नये. ऐकण्याची शक्ती असेल तर चित्र दाखवावे. त्याचा पाय आहे तो.

आक्का दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली. सहाव्या आठवड्यात अंगणातल्या तुळशीपर्यंत गेली. माडीवर मात्र ती पुन्हा कधी चढली नाही आणि तिला त्याहून जास्त लागले ते मांडी घालून बसता न येणे. बदललेल्या सांध्याला खाली बसणे, उकिडवे बसणे, बुटक्या आसनावर बसणे धोक्याचे असते; गोळा खळगीतून निसटू शकतो. तेव्हा घरी आणण्यापूर्वी उंच खुर्ची, कमोड आणि न्हाणीघरात धरायला दांडा यांची सोय झालेली असावी. सत्यनारायणाच्या पूजेला ती खुर्चीवर बसली आणि दिवसभर घुश्शात होती.

मांडी घालून बसण्यावरून आठवले. ज्या लांब पट्टीसारख्या स्नायूच्या मदतीने आपण मांडी घालतो, त्याचे लॅटिन नाव शिंप्यावरून पडले आहे, कारण जुन्या काळचे शिंपी तसे बसून शिवण करीत. कमरेच्या बाहेरून गुडघ्याच्या आतपर्यंत तो तिरका उतरतो आणि त्याच्याखाली एक बोगदा आहे. फीमोरल धमनी मांडीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात या बोगद्यातून जाते. विद्यार्थी त्याला हंटरचा बोगदा म्हणतात.

जॉन हंटर हे अठराव्या शतकातले लंडनचे शल्यचिकित्सक. त्या काळी घोडागाडी हाकणाऱ्या लोकांना गुडघ्यामागच्या धमनीला फुगा येण्याचा विकार होत असे. फुगा फुटला की मृत्यू, म्हणून बहुतेकदा पाय कापीत. हंटर यांनी १७८५ च्या डिसेंबरात एका ४५ वर्षांच्या गाडीवानाच्या मांडीतच, फुग्यापासून दूर, निरोगी जागी, या बोगद्यात धमनी दोऱ्याने बांधून टाकली. पायाची मुख्य वाहिनीच बंद केली म्हटल्यावर पाय काळा पडायला हवा. तो पडला नाही. गाडीवान आपल्या पायांनी घरी गेला. पुढे सव्वा वर्षाने त्याला मृत्यू आला तो निराळ्याच तापाने.

पाय जगला कसा, याचे उत्तर पुन्हा त्या खोल धमनीत आहे. तिच्या फांद्या वर कमरेच्या वाहिन्यांशी आणि खाली गुडघ्याभोवतीच्या जाळ्याशी हात मिळवतात. हमरस्ता बंद झाला की या पायवाटा हळूहळू रुंद होतात. निसर्गाने केलेली ही सोय ज्येष्ठांना रोजच्या जगण्यात उपयोगी पडते, कारण वार्धक्यात, विशेषतः मधुमेह आणि विडी-सिगारेट यांच्या संगतीत, धमनी सर्वाधिक तुंबते ती नेमकी या बोगद्याच्या खालच्या तोंडाशी.

त्याची खूण अशी. सपाट रस्त्यावर ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो, कळ येते, थांबावे लागते. दोन-तीन मिनिटे नुसते उभे राहिले की कळ जाते. पुन्हा चालले की पुन्हा तेवढ्याच अंतरावर येते. कळ थांबवायला बसावे किंवा पुढे वाकावे लागत असेल तर तो बहुधा पाठीच्या कण्याचा त्रास. नुसते उभे राहून थांबत असेल तर धमनीचा. हा भेद ओळखता आला तर डॉक्टरांचे अर्धे काम तुम्हीच करून जाता. आपल्याकडे लोक दोन्हींना 'वय झालं, पाय दुखतात' म्हणतात आणि तेल चोळतात.

आणि औषधांइतकाच मोठा उपाय म्हणजे चालणे. कळ येईपर्यंत चालावे, जरा सोसावे, थांबावे, ओसरली की पुन्हा चालावे. असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून निदान तीन दिवस, किमान तीन महिने, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि हृदयाची तपासणी करून. न थांबता चालता येणारे अंतर खरोखर वाढते. धूम्रपान मात्र पूर्ण सोडावे लागते. रात्री झोपेतही पाऊल दुखत असेल, पाय पलंगाखाली लोंबता ठेवल्यावर बरे वाटत असेल, बोटांवर न भरणारी जखम असेल, तर आता चालण्याची वेळ गेली. लवकर रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांना गाठावे. पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर पडला तर ती घटकांची बाब आहे.

जांघेतला ठोका सुरुवातीला तुमच्या हाताला लावला तो आणखी एका कारणासाठी. हृदयाची अँजिओग्राफी आजकाल पुष्कळदा मनगटातून करतात, पण कधीकधी अजूनही जांघेतून करावी लागते. नळी काढल्यावर परिचारिका त्या जागी बराच वेळ जोराने दाबून धरते आणि मग पाय न वाकवता काही तास सरळ पडून राहायला सांगते. वृद्धांना ही शिक्षा वाटते, ते कूस वळवतात, उठून बसतात. धमनी त्या हाडाच्या गोळ्यावर दाबली गेली तरच छिद्र मिटते. घरच्यांनी त्या तासांत शेजारी बसावे, गप्पा माराव्यात, आणि जांघेत फुगवटा दिसला किंवा कमरेत, पोटात विनाकारण दुखू लागले तर लगेच सांगावे. मांडी ही रक्त लपवून ठेवणारी जागा आहे. मांडीचे हाड मधोमध मोडले तर एक ते दीड लिटर रक्त कातडीखालीच साठू शकते, आणि मोठ्या माणसाच्या अंगात सारे मिळून असते पाच लिटरच्या आसपास.

आता शिरांचे. इथे मला एका नावाबद्दल तक्रार करायची आहे. जांघेखाली धमनीच्या सोबत असलेली जी शीर, तिला अनेक अहवालांत 'सुपरफिशियल फीमोरल व्हेन' लिहितात. सुपरफिशियल म्हणजे वरवरची, उथळ. घरातले शिकलेले कुणीतरी अहवाल वाचते आणि म्हणते, चला, गुठळी वरवरच्या शिरेत आहे, घाबरायचे कारण नाही. पण ही शीर उथळ नाहीच. ती खोलवरची शीर आहे आणि तिच्यातली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, प्राण घेऊ शकते. पुष्कळ जाणकारांनी हे नाव टाकून नुसते 'फीमोरल व्हेन' म्हणावे असे सुचवले आहे, आणि नवी पुस्तके तसे करतातही, पण जुने नाव अहवालांतून हटत नाही. तुमच्या हाती असा कागद आला तर त्या एका विशेषणावर विसंबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एकाच पायाला सूज, पोटरीत किंवा मांडीत दुखणे, पाय गरम लागणे ही गुठळीची लक्षणे असू शकतात, त्यातून माणूस नुकताच शस्त्रक्रियेतून उठला असेल, लांबचा प्रवास करून आला असेल किंवा बरेच दिवस अंथरुणावर असेल तर संशय अधिक. असा पाय चोळू नये. आपल्याकडे मायेने तेल लावून मालिश करण्याची पद्धत आहे आणि इतर वेळी ती चांगलीच आहे, पण सुजलेल्या एका पायाला डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय हात लावू नका. धाप लागली, छातीत टोचू लागले तर रुग्णालयच. अंथरुणावरच्या माणसाला तासातासाला पावले वर-खाली हलवायला लावावे. पोटरीचा स्नायू शिरांतले रक्त वर ढकलणारा पंप आहे आणि तो हलवल्याशिवाय चालत नाही.

खरोखरीची उथळ शीर निराळी आहे. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीच्या आतून वर चढणारी आणि जांघेत खोल शिरेला मिळणारी ही शरीरातली सर्वांत लांब शीर. हृदयाच्या बायपासमध्ये जो 'पायाचा तुकडा' काढतात तो बहुधा हिचाच. ती काढली तरी पायाचे अडत नाही, कारण मुख्य काम खोल शिरा करतात. त्या पायाला संध्याकाळी थोडी सूज येते, उशी ठेवून पाय उंचावला की उतरते. मात्र पुढे कधी त्या रुग्णाच्या पायाची रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया करायची झाली तर डॉक्टर पहिल्याने हीच शीर शोधतात. तेव्हा कुठल्या पायाची, कुठपर्यंतची शीर काढली आणि केव्हा, हे बायपासच्या फाइलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, आणि ती फाइल कपाटात कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.